शिकाऱ्याच्या कपाळावरचा दिवा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

रात्रीची वीज आली की आपल्याकडचा शेतकरी कपाळाला दिवा बांधून पिकाला पाणी द्यायला निघतो. हा दिवा कोणत्या रंगाचा असावा, असा प्रश्न त्याला कधी पडत नाही. बांध दिसला, दांड फुटला का ते कळलं, पायाखाली साप-विंचू नाही एवढी खात्री झाली की काम भागलं. दिवा पांढराच असतो आणि जितका लख्ख तितका चांगला. हाच दिवा शिकाऱ्याच्या कपाळावर गेला की मात्र गोष्ट बदलते. शिकाऱ्याला जनावर दिसायला हवं, पण जनावराला दिवा दिसता कामा नये. शिवाय दिवा मालवल्यावर शिकाऱ्याचे स्वतःचे डोळे अंधारात आंधळे होता कामा नयेत. या मागण्या एकमेकींशी भांडतात. पांढरा, तांबडा, हिरवा की पिवळसर, हा वाद त्या भांडणातून निघालेला आहे आणि तो वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्या देशात रानटी जनावरांची शिकार कायद्यानं बंद आहे, तेव्हा मी काही कुणाला दिवा विकत घ्यायचा सल्ला देत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मात्र रॅकून, कोयोट किंवा रानडुक्कर यांची रात्रीची शिकार परवाना घेऊन करता येते. कपाळावरच्या दिव्याचा इतिहास घडला तोही मुख्यतः तिथंच.

सुरुवात अर्थातच आगीपासून. युरोपातून अमेरिकेत जाऊन वसलेले लोक अठराव्या शतकात रात्री हरणं मारत, त्याला ते ‘आगीची शिकार’ म्हणत. लांब दांड्याचं लोखंडी तवं घ्यायचं, त्यात पाइनच्या झाडाच्या राळेनं भरलेल्या गाठी पेटवायच्या आणि तो दांडा खांद्यावर टाकून रानातून चालायचं. जाळ पाठीमागे, बंदूक पुढे. जाळाकडे टक लावून पाहणाऱ्या हरणाचे डोळे काळोखात दोन निखाऱ्यांसारखे चमकत. नेम धरायचा तो त्या दोन ठिपक्यांच्या मध्ये. हरणाचं बाकी अंग दिसायची गरजच नसे.

डोळे चमकतात ते कशानं? हरीण, गाय, कुत्रा, मांजर, वाघ, रॅकून अशा जनावरांच्या डोळ्यांत पडद्याच्या मागे आरशासारखा एक थर असतो. पडद्यातून निसटून गेलेला उजेड हा थर परत मागे फेकतो, म्हणजे पडद्याला तो पकडायची दुसरी संधी मिळते. रात्री हिंडणाऱ्या जिवाला हा मोठाच फायदा. पण त्यातला काही उजेड दुसऱ्या खेपेलाही निसटतो आणि आला त्याच वाटेनं बाहेर पडतो. म्हणून ही चमक दिसते ती दिव्याच्या रेषेत डोळा असलेल्या माणसालाच. बाजूला उभ्या असलेल्याला काहीच दिसत नाही. दिवा हातात धरण्यापेक्षा कपाळावर बांधणं शिकाऱ्याला का सोयीचं पडलं, त्याचं अर्धं उत्तर यात आहे. उरलेलं अर्धं साधं आहे, दोन्ही हात मोकळे राहतात.

या आगीच्या शिकारीची एक प्रसिद्ध दंतकथा आहे. डॅनियल बून हा अमेरिकेच्या सरहद्दीवरचा नावाजलेला शिकारी. टिमथी फ्लिंट नावाच्या लेखकानं १८३३ साली त्याचं चरित्र छापलं. त्यात तरुण बून रात्री जाळ घेऊन शिकारीला जातो, दोन चमकते डोळे पाहतो, बंदूक उचलतो, पण काहीतरी त्याचा हात अडवतं. ते ‘हरीण’ पळत सुटतं, हा मागे धावतो आणि शेजारच्या घरात पोचतो तर ती धापा टाकणारी रिबेका ब्रायन! पुढे तिच्याशीच त्याचं लग्न झालं. लग्न खरं, १७५६ सालचं. पण ही गोष्ट खोटी आहे असं बूनच्या मुलांनी स्पष्ट सांगितलं होतं. मुलांची साक्ष नसती तरीही गोष्ट उभी राहत नाही. माणसाच्या डोळ्यात तो आरसा नसतो, जाळाच्या उजेडात रिबेकाचे डोळे हरणासारखे चमकणार कसे? कवीला ही कथा सोडवत नाही, हेही खरंच. शायरीत नजरेनं शिकार करणाऱ्या प्रेयसी पुष्कळ भेटतात. इथं नजरेमुळे शिकार होता होता वाचलेली एक भेटते.

दंतकथा गोड असली तरी त्या शिकारीचा खरा हिशेब तसा नव्हता. दोन चमकते ठिपके म्हणजे हरीणच असं कोण सांगणार? गायी-घोड्यांचेही डोळे चमकतात. रात्री चरायला सोडलेली लोकांची जनावरं अशी पुष्कळ मेली. त्यामुळे अठराव्या शतकातच कॅरोलिनाच्या वसाहतींनी या शिकारीविरुद्ध कायदे केले. रात्री दिवा घेऊन केलेल्या शिकारीवरचा पहिला आक्षेप असा अगदी व्यवहारी होता. जनावरावर अन्याय होतो वगैरे विचार नंतरचा.

त्याच कॅरोलिनात, म्हणजे नॉर्थ कॅरोलिनातल्या स्प्रे नावाच्या गावात, १८९२ साली दिव्याच्या इतिहासाला एक अनपेक्षित वळण मिळालं. टॉमस विल्सन हा कॅनेडियन माणूस विजेच्या भट्टीत स्वस्त ॲल्युमिनियम काढायच्या खटपटीत होता. चुना आणि डांबर भट्टीत घालून पाहताना त्याला हवी ती धातू मिळाली नाही. एक काळपट ठिसूळ खडा तेवढा मिळाला. तो पाण्यात टाकला तर बुडबुडे येऊन वायू निघू लागला आणि तो वायू पेटला! तो खडा म्हणजे कॅल्शियम कार्बाइड आणि वायू ॲसिटिलीन. आपल्या बाजारात आंबे झटपट पिकवायला चोरून वापरतात ते हेच कार्बाइड. हा पदार्थ प्रयोगशाळेत त्याच्या आधी तीस वर्षं माहीत होता, पण टनावारी आणि स्वस्तात तो इथून पुढे मिळू लागला.

त्यावरून १९०० साली न्यूयॉर्कच्या फ्रेडरिक बाल्डविननं छोट्या दिव्याचं पेटंट घेतलं. रचना इतकी सोपी की आजही कौतुक वाटावं. वरच्या डबीत पाणी, खालच्या डबीत कार्बाइडचे खडे. वरून थेंब थेंब पाणी गळतं, खाली वायू तयार होतो, तो बारीक नळीतून बाहेर येऊन चकचकीत ताटलीसमोर जळतो. थेंब वाढवले की ज्योत मोठी होते. खाणकामगारांनी हा दिवा टोपीवर अडकवला आणि त्यांच्याबरोबर तो डोंगराळ अमेरिकेतल्या घराघरांत गेला. दिवसा खाणीत जाणारा माणूस रात्री तोच दिवा लावून रॅकूनच्या मागे रानात जाऊ लागला.

रॅकून म्हणजे मांजरापेक्षा थोराड, डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी आणि शेपटीला कडी असलेला प्राणी. त्याची कातडी विकली जाई आणि गरीब घरांत मांसही खात. या शिकारीत माणसापेक्षा कुत्र्यांचं काम मोठं. ती वास काढत धावतात, रॅकून झाडावर चढतो आणि कुत्री बुंध्याशी पाय टेकून भुंकत राहतात. भुंकण्याचा सूर बदलला की धन्याला मैलभरावरून कळतं, चढला! मग तो ओढे-ओहोळ ओलांडत तिथं पोचतो आणि वर पाहतो. कपाळावरच्या दिव्याच्या रंगाचा प्रश्न उभा राहतो तो या क्षणी. पानांच्या गर्दीत बसलेला रॅकून लख्ख पांढरा झोत पडला की तोंड फिरवतो, नाहीतर डोळे मिटतो. डोळे मिटले की चमक गेली आणि चमक गेली की साठ फूट उंचीच्या झाडात त्याला शोधणार कसं? जुने शिकारी कार्बाइडचा दिवा मंद करत. त्या मऊ पिवळ्या उजेडाकडे रॅकून कुतूहलानं पाही, निदान त्यांचा अनुभव तरी तसा होता.

पुढे खाणीत उघडी ज्योत धोक्याची म्हणून विजेचा दिवा आला. एडिसनचा, पट्ट्याला बॅटरी आणि टोपीला दिवा असा संच १९१४-१५च्या सुमारास खाणीत उतरला. नंतर कोहलर कंपनीचा ‘व्हीट लॅम्प’ इतका चालला की रॅकूनच्या शिकाऱ्यांच्या तोंडी विजेच्या दिव्याला तेच नाव बसलं. उजेड वाढला आणि जुनी अडचण दुपटीनं परत आली. मग दिव्याच्या तोंडावर तांबडी किंवा पिवळसर काच लावायची युक्ती निघाली. रंगीत उजेडात आधी डोळे शोधायचे, सापडले की काच बाजूला सारून पांढऱ्या उजेडात जनावर नीट पाहायचं. ही झाली अनुभवाची विद्या. तिच्यामागचं कारण शास्त्रज्ञांनी वेगळ्याच वाटेनं शोधलं होतं, तेही शिकाऱ्यांच्या किती तरी आधी.

बोहेमियातला यान पुर्किन्ये हा शरीरशास्त्रज्ञ. पहाट होताना फुलं निरखणं हा त्याचा छंद. दिवसा झगमगणारं तांबडं फूल झुंजुमुंजू उजेडात जवळजवळ काळं दिसतं आणि निळ्या-हिरव्या गोष्टी त्याच्यापेक्षा उजळ वाटतात, हे त्यानं १८२५ साली लिहून ठेवलं. सहरीसाठी भल्या पहाटे उठणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. परसातली जास्वंद त्या वेळी झाडावर काळा डाग पडल्यासारखी दिसते आणि तिची पानं मात्र ओळखू येतात. पाहणारे पिढ्यान् पिढ्या होते. असं का होतं, हे विचारणारा हा पुर्किन्ये.

उत्तर हळूहळू मिळालं. १८६६ मध्ये माक्स शुल्ट्झेनं दाखवलं की डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी काम करतात. शंकूसारख्या पेशी भर उजेडासाठी आणि रंगांसाठी, दंडासारख्या पेशी अंधारासाठी. दंडपेशींना रंग कळत नाहीत, फक्त उजळ-मंद कळतं. १८७६ मध्ये फ्रान्झ बोल यानं बेडकाच्या डोळ्याचा पडदा अंधारात काढून पाहिला तर तो तांबूस होता आणि उजेडात त्याच्या डोळ्यांदेखत फिका पडला. दंडपेशींतलं हे रंगद्रव्य उजेडानं विटतं आणि अंधारात पुन्हा भरतं. पूर्ण भरायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. ते तयार व्हायला अ जीवनसत्त्व लागतं, हे जॉर्ज वॉल्डनं १९३३ नंतरच्या संशोधनात उलगडलं आणि त्याला १९६७ साली नोबेल मिळालं. गाजर-पपई खा, नाहीतर रातांधळेपणा येईल, असं शाळेत आपल्याला सांगितलं जायचं त्याचं मूळ इथं आहे.

आता शिकाऱ्याचं भांडण पाहा. त्यानं अर्धा तास अंधारात बसून डोळे तयार केले आणि पांढरा दिवा एकदाच लावला, की सगळी पुंजी क्षणात संपली. पुन्हा अर्धा तास बसा! दंडपेशींना सगळ्यात जास्त कळतो तो निळसर हिरवा उजेड, साधारण ५०० नॅनोमीटर लहरलांबीचा. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. तांबडा उजेड म्हणजे ६३०च्या आसपास. तिथं दंडपेशींची संवेदना त्यांच्या कमाल संवेदनेच्या हजारात तीन भाग एवढीच उरते. शंकूपेशींची मात्र चौथ्या हिश्शाहून थोडी जास्त शिल्लक असते. म्हणजे मंद तांबड्या उजेडात शंकूपेशींच्या जोरावर माणसाला समोरचं दिसतं आणि दंडपेशी जणू झोपेतच राहतात, त्यांची पुंजी खर्च होत नाही. दुसऱ्या महायुद्धात येल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ वॉल्टर माइल्स यांनी हाच हिशेब मांडून रात्री उडणाऱ्या वैमानिकांसाठी तांबड्या काचांचे चष्मे सुचवले. उजेड असलेल्या खोलीत ते लावून बसायचं, पत्ते खेळायचे, वाचायचं आणि आदेश आला की चष्मा काढून थेट काळोखात. डोळे आधीच तयार!

इथवर तांबडा दिवा जिंकल्यासारखा वाटतो. पण त्याच्या उणिवा शिकाऱ्याला चांगल्याच भोवतात. तांबड्या उजेडात तांबडी वस्तू वेगळी उठून दिसत नाही. वैमानिकांच्या नकाशावरच्या तांबड्या रेघा अशाच नाहीशा होत. शिकाऱ्याच्या बाबतीत नाहीसं होतं ते रक्त. जखमी जनावर पळालं तर पाचोळ्यावरच्या थेंबांचा माग तांबड्या दिव्यात लागत नाही. मग पांढरा दिवा लावावाच लागतो, नाहीतर जनावर रानात कुठंतरी तडफडत मरतं. शिवाय एकाच रंगाच्या उजेडात समोर काय आहे हे ओळखणं अवघड जातं. आगीच्या शिकारीत गायी का मेल्या ते आपण पाहिलंच. म्हणून गोळी झाडण्यापूर्वी पांढऱ्या उजेडात नीट पाहून घ्यायची जुन्या रॅकून-शिकाऱ्यांची रीत मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

हिरव्या दिव्याचं कौतुक अलीकडच्या काळातलं, विशेषतः रानडुकरांच्या शिकारीत. भर उजेडात माणसाच्या डोळ्याला सगळ्यात ठळक दिसणारा उजेड ५५५ नॅनोमीटरचा, म्हणजे पोपटी हिरवा. तेवढ्याच विजेत तो तांबड्यापेक्षा लांबचं दाखवतो, ही गोष्ट खरी. पण डुकराला हिरवा उजेड दिसतच नाही असं जे सांगितलं जातं, ते साफ चूक आहे. अमेरिकेत १९८९ साली डुकराच्या डोळ्याची मोजणी प्रसिद्ध झाली. त्याच्याकडे दोन प्रकारच्या शंकूपेशी असतात, एक ४३९ला सगळ्यात तल्लख, दुसरी ५५६ला. म्हणजे जो उजेड आपल्याला सर्वांत चांगला दिसतो, नेमका तोच डुकरालाही चांगला दिसतो! पांढऱ्या शेपटीच्या हरणाची मोजणी १९९४ साली आली. त्याचे आकडे ४५५ आणि ५३७च्या आसपास. तांबड्याकडे सरकावं तसं या दोन्ही जनावरांना कमी कमी दिसतं. अजिबात दिसत नाही असं मात्र नाही. झगझगीत तांबडा झोत त्यांना मंद करड्या उजेडासारखा जाणवतोच. रॅकूनची गोष्ट आणखी निराळी. त्याच्याकडे शंकूपेशी एकाच जातीच्या, त्यामुळे रंग असा त्याला कळतच नाही. त्याच्या लेखी तांबडा काय, हिरवा काय, फक्त कमी किंवा जास्त. रंगीत काचेनं त्याला फसवलं असं शिकारी म्हणत, तेव्हा खरं काम बरंचसं काचेनं अडवलेल्या उजेडानं केलेलं असायचं. पांढऱ्या दिव्यावर तांबडी काच लावली की बहुतेक उजेड काचेतच मरतो.

काचेचा जमाना संपवला तो एलईडीनं. निक होलोनियाकनं १९६२ साली डोळ्यांना दिसणारा पहिला तांबडा एलईडी दाखवला. हा मुळातच तांबडा उजेड देतो, काचेत वाया काही जात नाही. लख्ख निळ्या एलईडीसाठी १९९३ उजाडलं. जपानच्या शुजी नाकामुरांनी तो केला आणि २०१४ चं नोबेल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं. निळा हाती आल्यावर त्यावर पिवळसर भुकटीचा लेप देऊन पांढरा झाला. आज शेतकऱ्याच्या कपाळावर आहे तो हाच. म्हणजे नवा पांढरा दिवा पोटातून निळा आहे. निळ्याच्या बाजूचा उजेड दंडपेशींना सगळ्यात जास्त बोचतो, माणसाच्या काय आणि जनावराच्या काय. कार्बाइडच्या ज्योतीत निळा भाग फार थोडा होता. आजोबांचा दिवा मंद असूनही शिकारीला चांगला होता असं तिकडचे म्हातारे सांगतात, त्यात नुसता जुन्याचा सोस नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. इथं प्रश्न कधी रंगाचा नव्हता, बॅटरी लागण्याचा होता. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यानं आठ वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसं मारली होती. मे १९२६ मध्ये जिम कॉर्बेट गोलाब्राईच्या यात्रामार्गावर आंब्याच्या झाडात त्याची वाट पाहत बसला. दहाएक रात्री फुकट गेल्या होत्या. खाली बांधलेल्या शेळीच्या गळ्यातली घंटा वाजली, त्यानं रायफलवरच्या बॅटरीचं बटण दाबलं, बिबट्या क्षणभर दिसला, बार निघाला आणि बॅटरी विझली. पुढचे कित्येक तास कॉर्बेट झाडात, मिट्ट काळोखात, गोळी लागली की नाही हे न कळता बसून राहिला. सकाळी थोड्या अंतरावर बिबट्या मेलेला सापडला. त्या एका सेकंदाच्या पांढऱ्या उजेडानं एका मुलखाची रात्र मोकळी केली, याबद्दल दुमत नसावं.

दुसरी गोष्ट सांगताना जीभ जड होते. १९४७ साल. आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानचे महाराजा रामानुज प्रताप सिंह देव रात्री मोटारीतून रानात फिरत होते. दिव्यांच्या झोतात जवळजवळ बसलेले तीन चित्ते दिसले. तिन्ही नर, बहुधा एकाच वेताचे. पहिल्या गोळीत एक पडला. दुसरी गोळी एकाच्या आरपार जाऊन मागच्यालाही लागली. चित्ता हा दिवसा, नजरेच्या आणि पायाच्या बळावर शिकार करणारा प्राणी. उघड्या माळावर उजेडी त्याला गाठणं सोपं नव्हतं, रात्री दिव्यांपुढे तो जागच्या जागी बसून राहिला. ही हकिकत आणि फोटो मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे तिच्या नियतकालिकासाठी आले. संपादकांनी मजकूर छापला खरा, पण वाचून किळस आली, अशा अर्थाची बोचरी टीप जोडली. मोटारीच्या दिव्यांपुढे रात्री केलेल्या शिकारीचा त्यांनी स्पष्ट निषेध केला. भारतातल्या रानटी चित्त्यांची ही शेवटची पक्की नोंद मानली जाते. १९५२ साली चित्ता देशातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. तो परत दिसला १७ सप्टेंबर २०२२ रोजी, कुनोच्या रानात, नामिबियाहून विमानानं आणलेला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते. पण त्यात सूर्यास्त ते सूर्योदय शिकारीला बंदी होती, वाहनातून शिकारीला बंदी होती आणि कृत्रिम दिवा वापरण्यालाही बंदी होती. अपवाद ठेवला होता तो मारलेल्या भक्ष्यावर येणाऱ्या मांसाहारी जनावराचा आणि तोही खास परवानगीनं. म्हणजे कॉर्बेटची बॅटरी बसेल पण कोरियाच्या मोटारीचे दिवे बसणार नाहीत, एवढंच भोक कायद्यानं ठेवलं होतं. १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याची शिकारच संपली आणि ती कलमंही गेली. दिव्याच्या झोतात ससे नि हरणं मारणारे चोर-शिकारी मात्र संपले नाहीत, हे वनखात्याच्या गस्तीवाल्यांना पुरेपूर माहीत आहे.

याच दिव्याची आणखी एक शाखा आहे आणि तिच्याविषयी बोलायला मला जास्त आवडतं. मिशिगनच्या तळ्यांवर ओजिब्वे लोक होडीच्या नाळेवर जाळ ठेवून काठावरची हरणं मारत. जॉर्ज शिरास नावाचा पेन्सिल्व्हेनियाचा वकील ही विद्या शिकला. पुढे त्यानं बंदूक ठेवली आणि होडीत कॅमेरा घेतला. चमकते डोळे शोधायचे, गुपचूप जवळ जायचं आणि गोळीऐवजी मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवायचा. त्याचे ७४ फोटो ‘नॅशनल जिओग्राफिक’नं जुलै १९०६ च्या अंकात छापले. आपल्याकडे संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी विसाच्या दशकात वाघाच्या वाटेवर तार बांधली. वाघाचा पाय तारेला लागला की भडका उडे आणि वाघाचा फोटो वाघच काढी. त्यांचं पुस्तक १९२७ साली आलं. रायफल खाली ठेवून कॅमेरा उचलायला कॉर्बेटला ज्यांनी उद्युक्त केलं, त्यांत चॅम्पियन यांचं नाव येतं.

त्या तारेचे वंशज म्हणजे ताडोबा-मेळघाटात झाडांना बांधलेले कॅमेरा ट्रॅप. २००६ पासूनच्या व्याघ्रगणनेत त्यांचा भरवसा धरला जातो. पट्ट्यांवरून वाघ ओळखायचा तर फोटो स्पष्ट हवा, म्हणून पुष्कळ ठिकाणी पांढरा फ्लॅश वापरतात. जिथं जनावर बिचकू नये असं वाटतं, तिथं अवरक्त उजेड, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा. इथं शिकाऱ्याचा जुना प्रश्न जसाच्या तसा पुन्हा उभा राहिला आहे. ८५० नॅनोमीटरचा उजेड लांबवर पोचतो, पण तो देणारे दिवे पेटताना जवळून पाहिलं तर अगदी फिकी तांबडी झाक दिसते आणि ती जनावरांनाही दिसते. ९४० चे दिवे घेतले तर ती झाक दिसेनाशी होते, पण उजेडाचा पल्ला आखडतो आणि फोटो काळवंडतात. वनखात्यानं, अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेले रात्रीचे फोटो कधी सवडीनं पाहा. वाटेनं सरळ जाणारा बिबट्या मधेच थांबलेला असतो आणि मान वळवून थेट कॅमेऱ्याच्या भिंगात पाहत असतो, डोळे दोन पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकत.